केसपेपर कुणाचा?

"हॉस्पिटलात असते" असं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. डॉक्टर का? नाही. मग नर्स? तेही नाही. मग समोरच्याचा चेहरा जरासा उतरतो आणि "अच्छा, म्हणजे ऑफिसात" असं म्हणून गाडी लेकीच्या शाळेकडे वळते. गेली सोळा वर्षं मी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात हेल्थ इन्फर्मेशन खात्यात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर केसपेपर सांभाळणारी बाई. फक्त इथला केसपेपर कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि डॉक्टरांपासून इन्शुरन्स कंपनीपर्यंत दहा जणांना तो लागतो.

या केसपेपरवाल्यांची एक संस्था आहे. अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन, थोडक्यात अहिमा. मी तिची सभासद आहे, वर्गणी भरते, दर दोन वर्षांनी शिक्षणाचे ३० तास पुरे करून सर्टिफिकेट जिवंत ठेवते. या संस्थेबद्दल बरेच दिवस मनात काहीतरी खुपतंय, ते आज लिहून टाकते. नातेवाईक मंडळींनी इथूनच पळ काढू नये, कारण यात तुमचाही संबंध आहे. विशेषतः ज्यांचा वाढदिवस १ जूनला असतो त्यांचा :)

आधी कामाचं सांगते. आमच्याकडे दोघी-तिघी रोज सकाळी एक यादी उघडून बसतात. त्यात संशयित जोड्या असतात. ही बाई आणि ती बाई एकच का? एकच असेल तर दोन रेकॉर्ड जोडायचे, नसेल तर लांब ठेवायचे. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात जुने पत्ते, फोन नंबर, सह्या, आधीची ऑपरेशनं असं एकेक ताडून बघावं लागतं, आणि सकाळ कधी संपली ते कळत नाही. त्यातून चुकून दोन वेगळ्या माणसांचे रेकॉर्ड जोडले गेले, तर ते उसवणं जोडण्यापेक्षा कितीतरी कठीण. तोवर एकीची औषधं दुसरीच्या यादीत मिसळलेली असतात, आणि कोणती गोळी कुणाची हे कॉम्प्युटर सांगत नाही.

टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीचं (म्हणजे ह्यूस्टन जिथे आहे ती) उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या नोंदींत २०११ च्या सुमारास मारिया गार्सिया नावाच्या २,४८८ बायका होत्या. त्यातल्या २३१ जणींची जन्मतारीखसुद्धा दुसऱ्या कुठल्यातरी मारिया गार्सियाशी जुळत होती. बाळांची तर आणखीनच गंमत. नाव ठरेपर्यंत नुसतं आडनाव आणि 'बेबीगर्ल', मग एकाच वॉर्डात चार बेबीगर्ल झोपलेल्या. शेवटी हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१९ पासून बाळांची ओळख वेगळी राहील अशी पद्धत वापरायला लावली, उदाहरणार्थ तात्पुरत्या नावात आईचं पहिलं नाव घालायचं.

आता आपल्याकडे वळा. आपण नावाच्या बाबतीत मारिया गार्सियाच्या वरताण आहोत. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटून येतं, त्यामुळे इथला क्लार्क कधी दोन्ही मिळून एकच नाव धरतो, कधी दुसरं गाळून टाकतो. काहींचं लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असतं. स्पेलिंगचं तर विचारूच नका. ज्ञानेश्वर 'डी'नं सुरू होतो, 'जे'नं होतो, आणि 'जी'नंसुद्धा होतो. विद्यामध्ये 'एच' आहे की नाही यावर सख्ख्या बहिणींचं एकमत नसतं. तारीख आपण दिवस-महिना लिहितो, इथे महिना-दिवस. आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेला १ जूनचा वाढदिवस! आपल्या आई-वडिलांच्या पिढीतले किती लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेत ते मोजायला बसलं तर मारिया गार्सिया मागे पडेल.

हे सगळं माझ्या एका मावशीच्या अंगाशी येता येता राहिलं. ती वर्षातले सहा महिने मुलीकडे दुसऱ्या राज्यात असते. पहिल्यांदा हॉस्पिटलात गेली तेव्हा नाव पासपोर्टवरून घेतलं, तारीख १ जून. पेनिसिलिनची ॲलर्जी तेव्हा व्यवस्थित लिहिली गेली. पुढच्या वर्षी त्याच हॉस्पिटलात रात्री ताप घेऊन गेली. मुलगी गाडी लावायला गेलेली, मावशी एकटी काउंटरवर. तिनं नुसतं आपलं नाव आणि आडनाव सांगितलं, क्लार्कनं कानाला आलं तसं स्पेलिंग केलं. आणि जन्मतारीख विचारल्यावर मावशीनं अगदी प्रामाणिकपणे खरी तारीख सांगितली, पत्रिकेतली! झालं. कॉम्प्युटरला ही नवीनच बाई. नवा रेकॉर्ड, कोरा करकरीत. नर्सनं ॲलर्जीबद्दल विचारलंही, पण मावशीचं इंग्रजी म्हणजे हसून "नो, नो". मुलगी आत आली तेव्हा त्याच जातीचं औषध सलाइनला लावायची तयारी चालली होती. तिनं आरडाओरडा केला म्हणून थांबलं.

मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, तिथल्या मेडिकल रेकॉर्ड खात्याला गाठा आणि दोन्ही रेकॉर्ड जोडायला लावा. त्याला तीन आठवडे आणि पाच फोन लागले. मला खात्याचं नाव, मागण्याचे कागद, कुणाशी बोलायचं हे सगळं ठाऊक होतं म्हणून झालं तरी. ज्यांच्या घरात केसपेपरवाली नाही त्यांचं काय?

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पेशंटला एक नंबर. ही कल्पना नवीन नाही. 'हिपा' नावाचा जो कायदा इथे १९९६ साली झाला, त्यातच ती होती. डॉक्टरांना नंबर द्या, इन्शुरन्सवाल्यांना द्या, मालकांना द्या आणि पेशंटलाही द्या. डॉक्टरांना दहा आकडी नंबर मिळाला. पेशंटचं घोडं मात्र १९९८ साली अडलं. टेक्सासचे काँग्रेसमन रॉन पॉल, जे स्वतः बाळंतपणं करणारे डॉक्टर, त्यांच्या पुढाकारानं बजेटच्या कायद्यात एक ओळ घुसली की असा नंबर ठरवण्यासाठी आरोग्य खात्यानं पैसा खर्च करायचा नाही. मग वर्षामागून वर्षं ती ओळ बजेटात येत राहिली. २०१९ च्या जूनमध्ये खालच्या सभागृहानं ती २४६ विरुद्ध १७८ मतांनी काढून टाकली, पण सिनेटनं मानलं नाही. सिनेटमध्ये तिचा किल्ला लढवणारे रँड पॉल. रॉन पॉल यांचे चिरंजीव, आणि तेही डॉक्टर, डोळ्यांचे.

ही ओळ जावी म्हणून अहिमा किती वर्षं झगडतेय. तिचं मला कौतुक आहे, हे आधी सांगते. १९२८ साली बोस्टनमध्ये ग्रेस व्हायटिंग मायर्स नावाच्या बाईंच्या अध्यक्षतेखाली हॉस्पिटलांतल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि ही संस्था उभी राहिली. पाठीशी होती अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स. चांगली नोंद नसेल तर चांगलं ऑपरेशन झालं की नाही हेच कळत नाही, हे सर्जन लोकांना पटलं होतं. २०२० मध्ये पेशंटची ओळख पटवण्याच्या प्रश्नावर 'पेशंट आयडी नाऊ' ही आघाडी निघाली, तेव्हा अहिमाच्या शेजारी पुन्हा तेच सर्जन होते. नंबर मिळत नाही तोवर बारीकसारीक कामंही चालू आहेत. पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहावा म्हणून सरकारनं २०२२ मध्ये नियम काढले, त्यांची रोजच्या वापराची पुस्तिका अहिमानं केली. 'स्ट्रीट' पूर्ण लिहायचं की 'एसटी', यावर शहाण्या माणसांनी डोकी लढवली. हसू नका, त्यानंही जोड्या जास्त जुळतात.

खुपतं ते असं. या संस्थेचं तोंड कायम वॉशिंग्टनकडे असतं. दरवर्षी राज्याराज्यातून सभासद गोळा करायचे, काँग्रेसच्या इमारतीत न्यायचे, गटागटानं भेटी. त्याला 'हिल डे' म्हणतात. मीही एकदा गेले आहे. चांगला सूट घातला, नवे बूट चावले. आमच्या वाट्याला खासदारबाईंच्या ऑफिसातला एक पोरगा आला, माझ्या भाच्याच्या वयाचा. दहा मिनिटं. त्यानं वहीत लिहून घेतलं, फार छान वागला, आणि निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या मतदारसंघातले लोक याबद्दल आम्हाला फोन का करत नाहीत?"

मला वाटतं त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. लोक फोन करत नाहीत कारण लोकांना ही भानगडच माहीत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये अहिमानं व्हाइट हाउसकडे एक ऑनलाइन अर्ज टाकला होता, पेशंटनं स्वतःहून घ्यायच्या ओळख नंबरासाठी. उत्तर मिळायला महिन्याभरात एक लाख सह्या हव्या होत्या. जमल्या नाहीत. संस्था तेव्हा आपले सभासद एक लाखाहून जास्त असल्याचं सांगत होती! म्हणजे घरच्या माणसांनी नुसतं एकेक बटण दाबलं असतं तरी आकडा पुरा झाला असता. यावर आमच्याकडे फारशी चर्चा झालेली मला आठवत नाही. याउलट २०१४ मध्ये रोगांचे नवे कोड, आयसीडी-१०, आणखी वर्षभर पुढे ढकलले गेले, तेव्हा आमचे लोक केवढे चवताळले होते! फोन काय, पत्रं काय. स्वाभाविक आहे, सगळ्यांची ट्रेनिंगं होऊन बसली होती, नोकऱ्या अडल्या होत्या. स्वतःच्या पोटावर आलं की आम्हाला लढता येतं. पेशंटच्या वेळी आम्ही निवेदन देतो.

विरोधकांची बाजूही सांगायला हवी, कारण ती मूर्खपणाची नाही. सगळ्या रेकॉर्डांना एकच दोरा ओवला की तो कुणीही ओढू शकतो. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर एके काळी स्पष्ट छापलेलं असायचं की हे ओळखीसाठी नाही, आणि आज त्या नंबरावाचून भाड्याचं घर मिळवणंही अवघड. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतल्यापासून ही भीती पुस्तकी राहिलेली नाही. एखादी बाई दुसऱ्या राज्यात जाऊन आली, तर तिचं रेकॉर्ड घरच्या राज्यात कुणी बघावं? अशा नोंदींना संरक्षण देणारा २०२४ चा नियम जून २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टानं रद्दही केला. तरीही माझं मत नंबराच्या बाजूनं आहे. कारण नंबर नाही म्हणून इथे कुणाची माहिती गुप्त राहिलीय असं मला सोळा वर्षांत दिसलं नाही. आत्ताही नाव, तारीख, पत्ता, जुना पत्ता, फोन असं सगळं गोळा करूनच जोड्या लावतात. म्हणजे जास्त माहिती फिरते, आणि तरी मावशी कोरीच.

भारतात उलटी परिस्थिती. तिथे नंबर आधी आला. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, चौदा आकडी 'आभा' नंबर निघाला. माझ्या आईकडे तो आहे, भावानं काढून दिला. पण डॉक्टरकडे जाताना ती अजून पातळाच्या दुकानाची पिशवी घेऊन जाते, त्यात एक्सरे, रिपोर्ट, जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावलेले. डॉक्टर ती पिशवीच बघतात. मला विचाराल तर आईच्या पिशवीइतकं बिनचूक रेकॉर्ड मी अमेरिकेत क्वचित पाहिलंय. नंबराच्या मागे कुणीतरी अशी नीट लावणारी व्यक्ती लागते, आणि तिचा पगार बजेटात लागतो, हे दोन्ही देशांत कुणी बोलत नाही. असो.

तर माझं म्हणणं इतकंच की हिल डेला जाणाऱ्या प्रत्येकानं आधी आपापल्या गावात चार ठिकाणी जावं. चर्चमध्ये, वाचनालयात, म्हाताऱ्यांच्या क्लबात. आमच्या राज्य शाखेच्या बैठकीत मी हे मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला. म्हणून यंदा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी एक टेबल मागितलंय, मोदकांच्या रांगेच्या शेजारी, कारण तिथे लोक हमखास अर्धा तास उभे असतात. प्रत्येकानं आपल्या फोनवर आपलं हॉस्पिटलातलं रेकॉर्ड उघडायचं, आणि नाव, तारीख, ॲलर्जी एवढंच वाचून बघायचं. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते मी सांगणार. आई-वडील इथे आलेले असतील तर त्यांचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसं मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहायचं, खाली कागदोपत्री जन्मतारीख, महिना अक्षरात. मागच्या बाजूला ॲलर्जी. कार्डं मी छापून आणतेय, दोनशे. मावशीनं फोनवरच बजावलंय की तिच्या कार्डावर खरी तारीखही हवी, कंसात.