पोलिसांकडची तक्रार मागे घ्यायची आहे?

शेजाऱ्याशी भांडण होते. कारण क्षुल्लकच असते. गाडी लावायची जागा, नाहीतर पाण्याचा टँकर. शब्दाने शब्द वाढतो, धक्काबुक्की होते आणि रागाच्या भरात आपण पोलीस ठाणे गाठतो. चार दिवसांनी राग निवळतो, शेजारीणबाई दारात येऊन माफी मागतात, मुले पुन्हा एकत्र खेळू लागतात. ठाण्यातला कागद मात्र तसाच राहतो. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी गृहिणीची तर आणखी एक अडचण असते. तो कागद बहुधा कानडीत असतो आणि त्यात नेमके काय लिहिले आहे, हेच तिला कळत नाही.

म्हणून सर्वप्रथम जाणकाराकडून तो कागद वाचून घ्या. आपली तक्रार एन.सी. म्हणजे अदखलपात्र आहे की एफ.आय.आर., यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

शिवीगाळ, साधी मारहाण अशा तक्रारी सहसा अदखलपात्र असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार पोलीस त्यांची नोंद करतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. अशी तक्रार पुढे चालवायची नसेल तर त्याच ठाण्याच्या निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्यावा. त्यात नोंदीचा क्रमांक व तारीख लिहावी. ‘आमच्यात समेट झाला आहे, मी कोणत्याही दबावाशिवाय हे लिहून देत आहे आणि मला पुढील कारवाई नको’ एवढा मजकूर पुरेसा आहे. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका.

एक चूक मात्र टाळा. प्रकरण लवकर मिटावे म्हणून ‘माझी तक्रार खोटी होती’ असे लिहून देऊ नका. घटना घडली होती, आता वाद मिटला आहे, एवढेच खरे ते लिहा. पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एफ.आय.आर. नोंदला गेला असेल तर मात्र नुसत्या अर्जाने भागत नाही, कारण मग फिर्याद आपली असली तरी खटला सरकारचा असतो. काही गुन्ह्यांत कलम ३५९ नुसार तडजोड करता येते. त्यातल्या काहींना न्यायालयाची परवानगी लागते. अशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्याचेच मानले जाते. तडजोडीच्या यादीत नसलेल्या गुन्ह्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. पती वा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा गुन्हा या यादीत नाही. तरीही उभयपक्षी समेट झाल्यास उच्च न्यायालय असा खटला रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात स्पष्ट केले.

या नोंदीमुळे समोरच्याच्या मुलाचा पासपोर्ट अडेल, ही भीतीही अनेकदा बोलून दाखवली जाते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात अडचण सांगितली आहे ती फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याची. तेव्हा केवळ या धास्तीपोटी घाईने सही करू नका.

सही करण्यापूर्वी स्वतःलाच विचारा, मन खरोखर निवळले आहे की कुणी दटावले आहे? मारहाण पुन्हा पुन्हा होत असेल, घरचे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसवत असतील, तर अर्ज देऊ नका. बंगळूरच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी ‘वनिता सहायवाणी’ हे समुपदेशन केंद्र आहे, तिथे मन मोकळे करा. आणि एकदा माफ केले म्हणून हक्क संपत नाही. पुन्हा तसेच घडले तर नव्या घटनेची नवी तक्रार आपण केव्हाही देऊ शकता. शेजारधर्म जपायलाच हवा, पण भीतीपोटी नव्हे.