ऐंशी जागा आणि बाकीची मुले

१९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये उभी राहिली ती मुख्यतः खेड्यातल्या हुशार मुलांसाठी. जालना जिल्ह्याचे नवोदय अंबडला आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतात, त्यांतली किमान ७५ टक्के ग्रामीण. परीक्षा पाचवीत, एकदाच: दोन तास, ८० प्रश्न, निम्मे बुद्धिमत्तेचे. त्यासाठी उसनवारी करून दहा वर्षांच्या लेकराला शिकवणीच्या गावी ठेवणे मला पटत नाही. गावच्या शाळेतच रोज तासभर आकृत्या, गणिते, उतारे साऱ्या वर्गाकडून करून घ्यावेत. निवड थोड्यांचीच होईल, पण भागाकार सगळ्यांचा पक्का होईल. आणि यादीत नाव नसलेल्या लेकराला घरात कोणी ‘नापास’ म्हणू नये. जागा ८०च होत्या, एवढेच त्याला सांगावे.