आयर्लंडमध्ये नियोजन फसले कुठे?

डब्लिनच्या ऐसपैस पसरण्यावर बोट ठेवले की दोन उत्तरे हमखास मिळतात. लोकांना अंगण-परसाचे घरच हवे असते, हे एक. नियोजन करून पाहिले, ते फसले, हे दुसरे.

पहिले फार टिकत नाही. नॅवनसारख्या बाहेरच्या गावाहून रोज डब्लिनपर्यंत मोटारीत रखडणाऱ्या बहुतेकांना परसबागेच्या हौसेने नव्हे, घरांच्या किमतींनी तिकडे ढकललेले असते. शिवाय त्या पसरण्याचा खर्च एकटा घरमालक कुठे सोसतो? रानोमाळ विखुरलेल्या बंगल्यांच्या सेप्टिक टाक्यांवर देखरेख नाही, म्हणून युरोपीय न्यायालयाने २००९मध्ये आयर्लंडला दोषी धरले आणि २०१२मध्ये वीस लाख युरो दंड ठोठावला. तो सरकारी तिजोरीतून गेला, म्हणजे डब्लिनच्या सदनिकेत राहणाऱ्यानेही भरला.

दुसरे उत्तर वजनदार वाटते, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. १९६०च्या दशकाअखेरीस प्रादेशिक विकासावरच्या ब्युकॅनन अहवालाने डब्लिनला तोल म्हणून कॉर्क आणि लिमरिक-शॅनन वाढवायला सांगितले होते. सरकारने मात्र प्रत्येक मतदारसंघाच्या ओंजळीत थोडा प्रसाद टाकला. २००२च्या राष्ट्रीय आराखड्यात विकासाची अठरा केंद्रे ठरली. पुढच्याच वर्षी अर्थमंत्री चार्ली मक्रीव्ही यांनी दहा हजारांवर सरकारी नोकऱ्या ५३ ठिकाणी वाटण्याची घोषणा केली. त्यांतली बरीच ठिकाणे आराखड्याच्या केंद्रांत नव्हतीच! आराखडा असा धाब्यावर बसवल्यावर मग २०१०च्या सरकारी पाहणीत २,८००हून अधिक अर्धवट गृहवसाहती सापडल्या, त्याचे खापर आराखड्यावर फोडायचे?

खरे दुखणे जमिनीच्या भावात आहे. आपल्याकडे शेतीचा पट्टा निवासी, म्हणजे ‘हिरव्याचा पिवळा’ झाला की शेताचे सोने होते, तिथेही तेच. डब्लिन परिसरातल्या अशा झोनबदलांत नगरसेवकांना पैसे चारले गेल्याचे मॅहन न्यायाधिकरणाने २०१२च्या अहवालात नोंदवले. तोड मात्र १९७३मध्येच न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने सुचवली होती: शहरवाढीला लागणारी जमीन सध्याच्या वापराच्या किमतीवर २५ टक्के जादा देऊन सार्वजनिक संस्थेने घ्यावी. मालमत्तेचा घटनादत्त हक्क आड येतो, ही सबब दशकानुदशके चालली. २००४मध्ये संसदेच्या सर्वपक्षीय समितीने तीही बहुतांशी निकालात काढली.

म्हणून प्रादेशिक नियोजन हवे ते नुसत्या नकाशाचे नव्हे, जमिनीवर हक्क असलेले. २०१८च्या आराखड्यात निदान ४० टक्के नवी घरे सध्याच्या वस्तीच्या हद्दीतच बांधायचे ठरले आहे. हद्दीबाहेरच्या शेताला फुगलेला भाव मिळत राहील तोवर ही टक्केवारी कागदावरच राहणार. आणि केनींचे सूत्र अजून कायद्यात आलेले नाही.