शस्त्रक्रिया दवाखान्यात, बरे होणे घरी

शस्त्रक्रियेचे मोठेपण तिच्या छेदाच्या लांबीवरून मोजण्याची लोकांची सवय जुनी आहे. पोटावर वीतभर टाके असले की शस्त्रक्रिया मोठी, आणि दोन-चार बारीक छिद्रांवर काम भागले की ती किरकोळ, असा सर्वसाधारण समज. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शरीराला आकार देणाऱ्या शस्त्रक्रियांचा जो व्यवसाय फोफावला आहे, तो बव्हंशी याच समजावर उभा आहे. सकाळी दाखल व्हावे, पोट, कंबर किंवा मांड्या येथील चरबी बारीक नळीने शोषून काढून घ्यावी आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी जावे, असे या शस्त्रक्रियेचे वर्णन केले जाते. वर्णन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. रुग्ण संध्याकाळी घरी जातो तो बरा होऊन नव्हे, तर बरा होण्यासाठी जातो. त्या बरे होण्याला श्रम लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो आणि काही प्रमाणात धोकाही पत्करावा लागतो. हा भार दवाखान्याच्या दरपत्रकात फारसा दिसत नाही. तो कोण उचलते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

खाट कशी वाचली?

या तंत्राचा इतिहास फार जुना नाही. पॅरिसचे शल्यविशारद इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास बोथट टोकाची नळी वापरून चरबी शोषून घेण्याची पद्धत रूढ केली. प्रारंभीच्या काळात तिच्यात रक्तस्राव बराच होई आणि पूर्ण भूल द्यावी लागे. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हे चित्र पालटले. लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रिनॅलिन यांचे अतिशय पातळ द्रावण मोठ्या प्रमाणावर त्वचेखाली सोडावयाचे, आणि मग चरबी काढावयाची, अशी ही रीत. तिने रक्तस्राव घटला, अनेक रुग्णांच्या बाबतीत पूर्ण भुलेची आवश्यकता उरली नाही आणि रुग्णालयातील खाटेचीही गरज संपली. सौंदर्यशल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये जगभरात अशा सुमारे २३ लाख शस्त्रक्रिया झाल्या.

खाटेची गरज संपणे ही व्यावसायिकदृष्ट्या फार मोठी घटना होय. रात्रपाळीच्या परिचारिका, स्वयंपाकघर, धोबी, रात्री हजर राहणारा डॉक्टर हे सारे खर्च त्यामुळे वाचतात, आणि एकाच शस्त्रक्रियागृहात दिवसाला अधिक रुग्ण घेता येतात. शस्त्रक्रिया स्वस्त झाली, असे यावरून म्हटले जाते. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एखादा खर्च नाहीसा होणे वेगळे आणि तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणे वेगळे. खाटेवर जे काम होत होते, त्यातले काही तंत्रामुळे खरोखरच अनावश्यक ठरले. उरलेले मात्र रुग्णाच्या घरी गेले.

पहिली रात्र

घरी गेलेले हे काम कोणते? पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास त्वचेखाली भरलेले द्रावण रक्तमिश्रित होऊन छिद्रांवाटे झिरपत असते. ते बाहेर यावे म्हणून ही छिद्रे पुष्कळदा मुद्दामच उघडी ठेवलेली असतात. याची पूर्वसूचना नसली तर भिजलेली चादर पाहून घरच्यांचा धीर सुटतो. दाब देणारा घट्ट पोशाख चार ते सहा आठवडे अंगावर वागवावा लागतो. स्नानासाठी तो प्रथम उतरविताना रक्तदाब खाली येऊन भोवळ येण्याचा संभव असतो. तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी कोणीतरी उभे असावे लागते. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला त्याच दिवसापासून थोडे थोडे चालवावे लागते. पण वजन उचलणे, पाणी भरणे, मुलाला कडेवर घेणे मात्र काही आठवडे वर्ज्य. निळेजांभळे डाग दोनतीन आठवडे राहतात, सूज पूर्ण उतरण्यास काही महिने जातात, आणि पहिल्या दिवसांत तर वजनकाटा पूर्वीपेक्षा अधिकच आकडा दाखवितो. ज्या आकारासाठी पैसे मोजले तो दिसत नाही, वेदना मात्र जाणवतात, अशा त्या दिवसांत रुग्णाचे मन सांभाळणे हेही एक कामच असते.

याहून गंभीर बाब धोक्याची आहे. पातळ द्रावणातून दिलेल्या लिग्नोकेनचे रक्तातील प्रमाण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर त्यानंतर साधारणतः बारा तासांच्या सुमारास सर्वाधिक होते. म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ती वेळ रात्रीची, घरातली असते. अमेरिकेतील सौंदर्यशल्यविशारदांची एक पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख चरबीशोषणांमागे ९५ मृत्यू तिच्यात नोंदले गेले. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे झाला होता. अनेक मृत्यू घरी पाठविल्यानंतरच्या पहिल्याच रात्री झाले होते, हा त्या पाहणीचा निष्कर्ष सर्वांत बोलका आहे. त्या काळी निरनिराळ्या पद्धती एकत्र वापरल्या जात, एकाच बैठकीत पुष्कळ चरबी काढली जाई, आणि त्यानंतर सावधगिरीचे नियमही झाले. पाच लिटरपेक्षा अधिक शोषण करावयाचे असल्यास रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावे, हा अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेचा दंडक त्यांपैकीच एक. तेव्हा ते आकडे आजच्या प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. पण धोक्याची वेळ कोणती, हे त्यांनी दाखवून दिले आहे. त्या वेळी रुग्णाच्या उशाशी प्रशिक्षित परिचारिका नसते; आई, बहीण, पती किंवा ब्युरोतून बोलावलेली आया असते. धाप लागणे, पोटरीत दुखणे, ताप चढणे, असंबद्ध बोलणे यांचा अर्थ तिला कोणी समजावून सांगितलेला असतो काय, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

हिशेबात न येणारे श्रम

अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक विसंगती नोंदविली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. रुग्णसेवेच्या बाबतीत हीच विसंगती उलट दिशेने काम करते. परिचारिकेने रात्रभर केलेली देखरेख राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते; आईने केलेले जागरण धरले जात नाही. त्यामुळे रुग्ण एक दिवस आधी घरी गेला की आरोग्यसेवेची कार्यक्षमता वाढल्याचे कागदावर दिसते. ती वाढ काही अंशी खरी असते, काही अंशी निव्वळ हिशेबाची किमया असते.

आणि हे जागरण कोणाच्या वाट्याला येते, हेही अज्ञात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-विनियोग पाहणीनुसार विनावेतन घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. या शस्त्रक्रियेचा रुग्ण बहुधा स्त्रीच असते. म्हणजे घरातील सर्वाधिक काम करणाऱ्या व्यक्तीलाच काही आठवडे जड कामे वर्ज्य होतात, आणि तिचे काम दुसऱ्या स्त्रीकडे, सासूकडे, मुलीकडे किंवा मोलकरणीकडे जाते. मोलकरणीच्या बाबतीत तर वाढीव कामाचा वाढीव पगार ठरतोच असे नाही.

त्यात गुप्ततेची भर पडते. पित्ताशय काढलेल्या रुग्णाला शेजारी भेटावयास येतात, कचेरीतील सहकारी कामाचा वाटा उचलतात. चरबी काढून घेतलेली स्त्री मात्र ही गोष्ट कोणाला सांगत नाही, कारण सांगितले तर उपहास पदरी येईल अशी तिला भीती असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरविलेली नैमित्तिक रजा आठ दिवसांची. ‘खाजगी काम’ या सबबीखाली तेवढी रजा घेऊन ती सूज उतरण्यापूर्वीच कामावर हजर होते, लोकलच्या गर्दीत उभी राहते आणि दुखणे लपविते. लपविलेल्या दुखण्याची देखभाल नेहमीच अपुरी होते.

कर आहे, विमा नाही

शासनाची भूमिका या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेवर सेवाकर लागू झाला तो सप्टेंबर २००९ पासून. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवेला माफी मिळाली, पण सौंदर्यशस्त्रक्रिया त्या माफीतून वगळण्यात येऊन तिच्यावर १८ टक्के दर बसला. जन्मजात व्यंग किंवा अपघात यांमुळे कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांना मात्र माफी राहिली. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांतही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे. हे तत्त्वतः गैर नाही. हौसेच्या खर्चाचा भार सर्व विमाधारकांवर का टाकावा, हा युक्तिवाद रास्त आहे. मात्र २०२० च्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमा योजनेने रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या ६० दिवसांचा वैद्यकीय खर्च उपचाराचाच भाग मानला आहे. आजार घरी पोचल्यावरही चालू राहतो, ही गोष्ट विम्याच्या व्यवहाराने मान्य केली. सौंदर्याच्या बाजारपेठेने ती अद्याप आपल्या दरपत्रकात मान्य केलेली नाही.

‘ही तर श्रीमंतांची हौस; समाजाने तिची चिंता कशाला वाहावी?’ असा आक्षेप येईल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हौस खाजगी असली तरी संकट सार्वजनिक होते. मध्यरात्री श्वास अडकलेला रुग्ण दिवसापुरत्या उघडणाऱ्या चिकित्सालयात जात नाही. तो जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जातो, आणि तेथील डॉक्टरला सकाळी काय केले, किती द्रावण सोडले याची काहीही माहिती नसते. मे २०२२ मध्ये बंगळुरू येथे चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांच्या एका कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा काही दिवस चर्चा झाली आणि विरली. मृत्यूची बातमी होते. वाचलेल्या रुग्णांच्या कठीण रात्रींची नोंद होत नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. लहान छेद आणि लवकर सुटी ही पद्धत हौसेपुरती मर्यादित नाही. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. रोजंदारीवर पोट असलेल्या मजुराला लवकर कामावर परतता येणे हा अशा तंत्राचा फार मोठा लाभ आहे आणि तो नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु हर्निया असो, मोतीबिंदू असो, गर्भाशयाची शस्त्रक्रिया असो, बरे होण्याचे काम घराकडे सोपविण्याची दिशा तीच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या रुग्णाला ‘घरी विश्रांती घ्या’ हा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. पैसेवाल्या ग्राहकाच्या बाबतीतही हा भार दरपत्रकाबाहेर राहत असेल, तर ज्याच्याकडे पैसा नाही आणि जागाही नाही, त्याच्या बाबतीत काय होत असेल याची कल्पना करता येते.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. शस्त्रक्रियेचा दर सांगतानाच पोशाख, औषधे, पुढील तपासण्या आणि मदतनीस यांचा खर्च व कामावरील गैरहजेरीचे दिवस लेखी सांगणे बंधनकारक करावे. घरी पहिल्या रात्री जबाबदार व्यक्ती सोबतीला आहे काय, याची खातरजमा झाल्याशिवाय रुग्णाला पाठवू नये. नसल्यास एक रात्र ठेवून घ्यावे. घरी देण्याचा कागद मराठीत असावा, त्यावर धोक्याची लक्षणे, केलेल्या उपचाराचा तपशील आणि रात्री उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक असावा. व्यवसायाला करासाठी हिशेब ठेवावे लागतातच. तीच सक्ती पहिल्या तीस दिवसांतील गुंतागुंतीच्या नोंदीची असावयास हवी. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून सौंदर्यशस्त्रक्रियेस संमती दिल्यानंतर किमान सात दिवस थांबण्याचा नियम झाला आहे. तसा अवकाश येथेही मिळाला, तर रुग्णाला केवळ आरशाचा नव्हे, घराचाही विचार करता येईल.

समंजस ग्राहक हा मुक्त बाजाराचा पाया मानला जातो. परंतु किमतीचा अर्धा भाग ज्याच्यापासून झाकून ठेवला आहे, त्याच्याकडून समंजसपणाची अपेक्षा कशी करावी? आपल्या शरीराचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. पण त्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणीतरी रात्र जागून द्यावयाची असेल, तर निदान तिला ती आधी सांगितली गेली पाहिजे.