घरात बंदूक आहे का?

खंडेनवमीला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, फार तर स्वयंपाकघरातल्या सुरीला. इथल्या शेजाऱ्याच्या कपाटात मात्र खरं शस्त्र असू शकतं. कुठे गोळीबार झाला की पुण्याहून फोन येतो, "तुम्ही बरे आहात ना?" आणि मागोमाग, "तुम्हीही एखादी घेऊन ठेवा की!" हल्ली आपल्या मंडळातही काहींनी ती घेतली आहे.

भारतात १९५९च्या कायद्याप्रमाणे शस्त्र बाळगायला परवाना लागतो, आणि तो सरकारने दिला तर मिळतो. इथे तो नागरिकाचा हक्क आहे. घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची, पण घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये 'हेलर' खटल्यात सांगितलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. २०२२मध्ये हा हक्क घराबाहेरही मान्य झाला.

हक्कवाल्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकला १९९९मध्ये एका आईने न्यायालयाचा मनाई हुकूम दाखवून पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवलं, की विभक्त नवऱ्याने तिन्ही मुली नेल्या आहेत. पोलिस हलले नाहीत. मुली मारल्या गेल्या. आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हुकूम पोलिसांनी अमलात आणावाच असा घटनात्मक हक्क तिला नाही. हे वाचल्यावर "पोलिस आहेत की" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

तरीही मी बंदूक घेणार नाही. २०२१मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातले सुमारे २१ हजार खून होते, आणि २६ हजारांहून जास्त आत्महत्या. चोराच्या भीतीने आणलेली वस्तू बहुधा घरातल्याच माणसाच्या हाती लागते. गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेले बरेचजण वाचतात, बंदुकीने प्रयत्न करणाऱ्या दहांतले जवळजवळ नऊ जात नाहीत का? जातात. आपल्या घरांत सोळा वर्षांची मुलं आहेत, मार्कांची, कॉलेजची ओझी आहेत, आणि मनातलं न बोलण्याची आपली जुनी सवय आहे. (९८८ हा मदतीचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा, मुलांना दिसेल असा.)

नव्याने आलेल्यांसाठी एक सूचना. ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर नेमबाजीला बोलावतात. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असाल तर, शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक नुसती हातात घेणंही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतं. रेंजवाल्याने विचारलं नाही म्हणून सुटका नाही, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही.

ज्यांनी घेतली आहे त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त गोळ्या काढून, कुलुपात ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलुपात. आणि मुलाला कुणाकडे खेळायला, राहायला पाठवताना शेंगदाण्याची अॅलर्जी सांगतोच, कुत्रा आहे का विचारतोच, त्याच दमात हेही विचारा. अमेरिकन आया हे बिनदिक्कत विचारतात. समोरची "आहे, पण कुलुपात" म्हणाली, तर किल्ली कुठे असते तेही.