जुन्या रूपाची टॅक्सी, पण कोणाच्या सोयीची?

खुब्याचा सांधा बदललेला रुग्ण घरी निघतो, तेव्हा त्याला एक सूचना हमखास मिळते : बुटक्या आसनावर बसू नका. पहिले काही आठवडे धड आणि मांडी यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ नये, नाहीतर नवा सांधा निखळण्याचा धोका असतो, असे अनेक शल्यचिकित्सक बजावतात. मग फाटकाशी टॅक्सी येते. छत खाली, आसन त्याहून खाली. मुलगा डोके सांभाळतो, सून पाय उचलून आत ठेवते आणि ती सूचना फाटकापाशीच मोडते.

मुंबईच्या रस्त्यांवरून 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. शेवटची नोंदणी २००३ सालची आणि वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून. तसेच गोल दिवे, तोच काळा-पिवळा रंग, पण आतली यंत्रणा आजची, अशी टॅक्सी पुन्हा दिसावी असे कोणालाही वाटेल. इच्छा चांगली आहे. फक्त जुन्या गाडीतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवताना आठवणींइतकेच शरीरशास्त्रही विचारात घ्यायला हवे.

लंडनने हे करून दाखवले आहे. तिथली काळी टॅक्सी म्हणून जगाला माहीत असलेले 'ऑस्टिन एफएक्स-४' हे मॉडेल १९५८ मध्ये आले आणि १९९७ पर्यंत बनत राहिले. २०१८ च्या सुरुवातीपासून रस्त्यावर असलेली 'एलईव्हीसी टीएक्स' लांबून तिचीच नात वाटते : उभट बांधा, उंच छत, गोल दिवे. आत मात्र सगळे नवे. सांगाडा ॲल्युमिनियमचा, चाके फिरवते ती विजेची मोटर. बॅटरीवर सुमारे १०० किलोमीटर अंतर कापता येते आणि ती उतरली की छोटे पेट्रोल इंजिन वीज तयार करते.

महत्त्वाचे हे की तिथे जुने रूप केवळ हौसेपोटी टिकलेले नाही. उंच छतामुळे माणूस न वाकता आत जातो आणि खुर्चीवर बसावा तसा ताठ बसतो. त्याच उंचीमुळे चाकाच्या खुर्चीतला प्रवासी खुर्चीतून न उठता गाडीत येऊ शकतो. त्यासाठीचा उतार गाडीतच बसवलेला आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूपची सोय आहे आणि मंद दृष्टीच्या माणसालाही दिसावेत म्हणून हातांच्या पकडी ठळक रंगाच्या आहेत.

दुसरा प्रश्न धुराचा. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी ९ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ मध्ये दगावली. तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असा निष्कर्ष २०२० च्या अधिकृत चौकशीत निघाला. १ जानेवारी २०१८ पासून तिथे नव्याने परवाना घेणाऱ्या टॅक्सीला काही अंतर तरी धूर न सोडता चालता आलेच पाहिजे. या नियमाचा पहिला लाभार्थी चालक असतो, कारण दिवसभर त्याच हवेत श्वास घेणारा तोच. विजेच्या गाडीच्याही टायर आणि ब्रेकमधून बारीक कण उडतात, हे खरे. पण नळीतून येणारा धूर थांबतो, हा फायदा लहान नव्हे.

आता 'पद्मिनी'कडे पाहू. तिची हुबेहूब नक्कल केली तर चाकाची खुर्ची तिच्यात जाणार नाही. मागच्या आसनाला पट्टे नसणे, धडकेचा जोर शोषणारा पुढचा भाग नसणे, या उणिवा आठवणींच्या नावाखाली परत आणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. उलट दाराच्या काचेपुढची ती छोटी तिकोनी खिडकी ठेवण्यासारखी आहे. एसी बंद असतानाही तिच्यातून वारा खेळायचा.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. लंडनची टॅक्सी बाजारात आली तेव्हा तिची किंमत ५५ हजार पौंडांहून अधिक होती आणि सरकारने त्यावर साडेसात हजार पौंडांपर्यंत अनुदान दिले. मुंबईच्या चालकाला हा भार एकट्याने पेलणार नाही. पण छताची उंची, आसनाची पातळी आणि दाराची रुंदी आराखड्यातच ठरवली तर फार खर्च वाढत नाही. तयार गाडी नंतर कापून बदलणे मात्र महाग पडते. वाहतुकीची साधने अपंगांना वापरता यावीत, ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची अपेक्षाही आहेच.

म्हणून असा नमुना कधी तयार झालाच, तर त्याची पहिली परीक्षा प्रदर्शनाच्या दालनात नव्हे, रुग्णालयाच्या फाटकाशी व्हावी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणारे आजोबा, आठवा महिना लागलेली गर्भवती, चाकाच्या खुर्चीतला तरुण आणि दहा तास गाडी चालवून पाठ धरलेला चालक, या चौघांना त्यात बसू द्यावे. त्यांनी होकार दिला, की मग रंग काळा-पिवळा द्यावा.