जेवत्या पानावरून उठवूं नये

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली कीं पुण्याच्या घराघरांतून हवापालटाचीं बोलणीं सुरू होतात. कोणी महाबळेश्वराचें नांव काढतो, कोणी कोंकणाचें. आणि ज्यांस गर्दीचा कंटाळा आहे, ते एखाद्या खेडेगांवांतील घरगुती निवासांत दोन रात्री काढण्याचा बेत करतात. अशा बेतांत भिगवणचें नांव अलीकडे पुष्कळ ऐकूं येतें. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें १०० किलोमीटरांवर हें गांव आहे. जवळच्या कुंभारगांव, डिकसळ वगैरे खेड्यांत पाहुण्यांस राहावयास खोल्या मिळतात आणि पांखरें दाखवावयास गांवचाच नावाडी पहांटे होडी काढतो. तेथें जावें कीं नाहीं, हा प्रश्नच नाहीं, अवश्य जावें. प्रश्न आहे तो तेथें कसें वागावें याचा.

प्रथम त्या पाण्याची हकीकत ध्यानांत घ्यावी. तें नैसर्गिक सरोवर नव्हे. भीमेवर उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याचें पाणी मागें इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांत पसरलें. त्याखालीं नदीकांठचीं गांवें गेलीं, कसदार जमीन गेली. पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ अजूनही पाण्यांतच असतें. एखाद्या कडक उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे तें उघडें पडतें आणि लोक पाहावयास लोटतात. त्याच पाण्यावर पुढें मासेमारी वाढली आणि तिच्यामागून पक्षी पाहाणाऱ्यांची वर्दळ आली.

पावसाळ्यांत धरण भरतें. हिवाळ्यांत पाणी हळूहळू उतरूं लागलें म्हणजे कांठचा चिखल व उथळ जागा मोकळ्या होतात. तेथें किडे, शिंपले, शेवाळ, पाणवनस्पतींचे कोंब असें नाना तऱ्हेचें खाद्य असतें. हीच पांखरांची पंगत. रोहित पक्षी, ज्याला अग्निपंख असेंही म्हणतात, मान खालीं घालून चोंच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीव खातो. त्या खाद्यांतील रंगद्रव्यामुळेंच त्याच्या पिसांवर गुलाबी झांक येते. पट्टकदंब नांवाचा हंस मध्य आशिया व तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतो. ६,००० मीटरांहून अधिक उंचीवरून तो उडाल्याची नोंद यंत्रांनीं केलेली आहे. आणि चक्रवाक! संस्कृत काव्याच्या वाचकांस त्याची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. मेघदूतांतील यक्षानें आपल्या विरहिणी पत्नीस एकाकी चक्रवाकीचीच उपमा दिली आहे. परंतु हा पक्षी डोळ्यांनीं पाहिलेले वाचक थोडे. नारिंगी-बदामी अंगाची ती जोडी चिखलाच्या कडेनें चालतांना दिसली तर आजी तिला काव्यांतून ओळखील आणि नातू पुस्तकांतील चित्रावरून.

येथवर सारें चांगलें. परंतु होडींत बसलेल्या पाहुण्यांची एक मागणी नेहमीं ऐकूं येते: “थवा जरा उडवा ना, म्हणजे फोटो चांगला येईल.” मागणारा मनाचा दुष्ट असतो असें नाहीं, पांखरूं उडालें तर त्याचें काय बिघडलें, असें त्याला प्रामाणिकपणें वाटतें. बिघडतें तें असें. रोहितासारख्या मोठ्या पक्ष्याला उडण्यापूर्वीं पाण्यावरून कित्येक पावलें धांवावें लागतें. तो उडाला कीं खाणें थांबतें, शक्ति खर्च होते, आणि पुन्हां टेकतो न टेकतो तोंच दुसरी होडी येते. हिवाळा सरतां सरतां तर हंस व बदकें परतीच्या प्रवासासाठीं अंगांत चरबी सांठवीत असतात. त्या दिवसांत हिरावलेला घांस पुढें वाटेंत उणा पडतो.

आपल्या घरांतून एक नियम मुलांच्या अंगवळणीं पडलेला असतो: जेवत्या माणसाला पानावरून उठवूं नये. दारीं कोणी घाईचा निरोप घेऊन आला तरी “त्यांचें जेवण होऊं द्या, बसा,” असें सांगितलें जातें. तोच नियम पाण्याकांठीं पाळला कीं पक्षिनिरीक्षणाचें निम्में शास्त्र हातीं आलें.

उरलेलें निम्में कठीण नाहीं. होडी किती अंतरावर ठेवावी, हें पांखरेंच सांगतात. रोहितांच्या माना खालीं आहेत तोंवर चिंता नाहीं. माना ताठ वर झाल्या आणि सारा थवा एका बाजूस चालूं लागला, म्हणजे आपण फार जवळ आलों असें समजून थांबावें. कपडे मातकट रंगाचे असावे, बोलणें हळू असावें. घरटीं एक दुर्बीण पुरते. ती पाळीपाळीनें घेण्यांत मुलांना धीर धरण्याचीही संवय लागते. सूर्योदयापूर्वीं कांठावर असावें, म्हणूनच तेथें रात्रीचा मुक्काम करावयाचा.

नावाड्याची अडचणही समजून घ्यावी. थवा उडविणें बरें नाहीं, हें त्याला आपल्याहून अधिक कळतें. पण हंगाम चार महिन्यांचा. आलेला पाहुणा नाराज झाला तर पुढच्या खेपेस तो दुसऱ्याच्या होडींत बसेल. तेव्हां नियम पाळण्याचा भार त्या बिचाऱ्यावर टाकूं नये. होडींत पाय ठेवण्याआधींच घरांतील वडील माणसानें सांगावें, “दादा, थवा उडवूं नका, दुरून दिसेल तेवढें आम्हांस पुष्कळ आहे.” ठरलेलें भाडें घासाघीस न करतां द्यावें. आणि मत्स्याहारी घरांत आपल्यासाठीं मुद्दाम निराळें पिठलें-भाकरी रांधणाऱ्या गृहिणीच्या कष्टांची जाणीव ठेवून वेळेवर जेवावयास बसावें.

आणखी एक गोष्ट आम्हां पुणेकरांसच विशेषेंकरून लागू आहे. मुळा-मुठेचें पाणी भीमेस मिळतें आणि भीमेचें उजनींत सांठतें. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी, त्यांतील पुरतें शुद्ध न झालेल्या भागासह, याच वाटेनें खालीं जातें. म्हणजे ज्या पंगतीस आपण पाहुणे म्हणून जातों, तेथल्या पाण्यांत आपल्या मोरीचेंही पाणी मिसळलेलें असतें. मोरींत काय ओतावें आणि काय ओतूं नये, देवाचें निर्माल्य नदींत सोडावें कीं झाडाच्या मुळाशीं घालावें, सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठीं महानगरपालिकेकडे नेट कसा धरावा, या गोष्टी भिगवणहून परतल्यावर घरांतल्या सर्वांनीं मिळून बोलाव्या. चक्रवाक पाहून आलेलें पोर त्या बोलण्यांत असेल, तर तें बोलण्यावर सुटणार नाहीं.